बांधलेल्या बाईची कबुली

सत्र न्यायालयात 31 वर्षं कारकुनी केली. परवा नातवाच्या टॅबवर सुपरमॅनची अगदी पहिली गोष्ट वाचली. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स', अंक पहिला, जून 1938. लेखक जेरी सीगल, चित्रं जो शूस्टर. क्लीव्हलंडची, स्थलांतरित ज्यू घरांतली पोरं. त्यांच्या सुपरमॅनला तेव्हा उडता येत नव्हतं, नुसत्या लांब उड्या.

एका निरपराध बाईला मध्यरात्री विजेच्या खुर्चीत बसवणार असतात. हा खऱ्या खुनी बाईला मुसक्या बांधून काखोटीला मारून आणतो, गव्हर्नरच्या हिरवळीवर ठेवतो, आत घुसून पोलादी दार उखडतो आणि गव्हर्नरपुढे धरतो काय, तर सही केलेला कबुलीजबाब! तुरुंग फोडून बाईला पळवणं याला काय अवघड होतं? पण नाही. कागद आणला. ती वाचते गव्हर्नरच्या फोनमुळे. आमच्या खात्याचा एवढा मान कुणी राखला नव्हता.

मग जुनी खोड जागी झाली. कबुली घेतली कशी? या अंकात त्याचा पत्ता नाही. आपल्याकडे तेव्हा 1872चा पुरावा कायदा होता. त्याचं कलम 24 सांगायचं की अधिकारातल्या माणसाच्या धमकीनं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. सुपरमॅन अधिकारातला माणूस आहे का, यावर आमच्या वकिलांनी सहज चार तारखा घेतल्या असत्या.

पण भीतीतून निघालेलं खरं हे खरं असतं का? तिसऱ्या अंकात तो एका खाणमालकाला, पार्टीला जमलेल्या पाहुण्यांसकट, खाणीत कोंडतो. दरड त्यानंच पाडलेली. सुरक्षेची साधनं कुचकामी आहेत हे मालकाला तिथं कळतं. बाहेर आल्यावर तो खाण सुधारायचं कबूल करतो. गांधीजी याला हृदयपरिवर्तन म्हणाले नसते. मला मात्र ही कबुली पहिलीपेक्षा बरी वाटते, कारण मालकानं अंधार स्वतः पाहिला होता. हे लिहिताना थोडी लाज वाटते. कोंडलं तर होतंच.

आमच्याकडे मॅजिस्ट्रेट कबुली लिहून घेण्याआधी आरोपीला बजावत, की बोलायची सक्ती नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. विचार करायला वेळही देत. हिरवळीवरच्या त्या बाईच्या दोऱ्या सोडून तिला असं कुणी विचारलेलं त्या पानांत दिसत नाही. घड्याळात मध्यरात्र होत आलेली. मीही आधी फोनच उचलला असता.