द्रौपदीचा प्रश्न आणि हातातले फासे



संध्याकाळची वेळ आहे. देवापाशी दिवा लागला आहे, आरती सुरू आहे. घरातला मुलगा टाळ्या वाजवतो आहे, पण त्याचे चित्त खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. तिकडे सामन्याचे शेवटचे षटक सुरू आहे. आरती संपताच तो प्रसाद घेतो आणि ‘जरा आलोच’ म्हणून गच्चीवर जातो. घरच्यांना वाटते, पोराला क्रिकेटचे वेड आहे. त्या षटकावर त्याने महिन्याचा पगार लावला आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक असते.

हे घर पुण्यातले असेल, इंदूर-बडोद्यातले असेल किंवा बंगळुरूतली वसतिगृहाची खोली असेल. तो मुलगाच असेल असेही नाही. निवृत्तीची रक्कम हाती आलेले काका असतील, दुपारी मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळणारी गृहिणी असेल. रोज जप करणाऱ्यालाही हा फास लागतो. म्हणून आज या विषयावर मोकळेपणाने बोलू या.

सभेत विचारलेला प्रश्न

महाभारतातला द्यूतप्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. युधिष्ठिराने धन लावले, राज्य लावले, एकेक भाऊ लावला, स्वतःला लावले आणि शेवटी द्रौपदीला लावले. प्रातिकामी तिला सभेत न्यायला आला, तेव्हा तिने त्याच्याकरवी एक प्रश्न पाठवला: राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? त्या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर भीष्मांनाही देता आले नाही.

सभेपुरता तो हक्काचा प्रश्न होता. साधकासाठी तो त्याहून खोल आहे. ज्याचा स्वतःवर ताबा राहिला नाही, त्याची सत्ता कशावर उरते? आणि हे कोणाचे झाले ते पाहा. युधिष्ठिर धर्मराज होता. द्यूत वाईट हे त्याला माहीत होते, विदुराने आधी सावधही केले होते. म्हणून ‘मला सगळे कळते, मी हवे तेव्हा थांबेन’ या वाक्यावर फार विसंबू नका. कळणे आणि आवरणे यांत मोठे अंतर आहे.

सट्टा खेळणाऱ्याचे पैसे पुष्कळ उशिरा जातात. आधी लक्ष जाते, मग झोप जाते, मग खरे बोलणे जाते. पहिल्या कर्जाच्या आधी घरात पहिले खोटे आलेले असते. इतके गेल्यावर पैसा राखणारा आत कोणी शिल्लकच नसतो.

फासे कोणाच्या हातात आहेत?

हस्तिनापुरात फासे शकुनीच्या हातात होते. आजही ते खेळणाऱ्याच्या हातात नाहीत. साधा हिशेब करून पाहू. समजा, बरोबरीच्या दोन संघांवर दोघांनी १००-१०० रुपये लावले. जिंकणाऱ्याला १९० रुपये मिळतात, उरलेले १० रुपये खेळवणाऱ्याचे. सामना कोणीही जिंको, खेळवणारा हरत नाही. म्हणजे प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी ९५ परत येतात. ते ९५ पुन्हा लावले, आलेले पुन्हा लावले, तर चौदाव्या डावापर्यंत सरासरी निम्मे पैसे संपतात. एखादा जिंकतो हे खरे, पण त्याच जिंकण्याच्या गोष्टीवर बाकीचे हरत राहतात.

पूर्वी जुगाराला अड्ड्यावर जावे लागे. वाटेत कोणी ओळखीचे भेटे, दार बंद असे, खिसा रिकामा होई. आता दारही नाही आणि रात्रही नाही. वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू असतात आणि प्रत्येक चेंडूवर पैसे लावता येतात. कधी मिळेल, कधी नाही, हे ठाऊक नसलेले बक्षीस मनाला सर्वांत घट्ट बांधते. हरलेले भरून काढायला माणूस आणखी लावतो. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, मोह आणि शेवटी बुद्धिनाश अशी साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. ती साखळी इथे एका रात्रीत पुरी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या व्यसनाची विकार म्हणून नोंद आहे आणि त्यात ऑनलाइन जुगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून अशा माणसाला नुसते दुर्गुणी ठरवून चालणार नाही, त्याला उपचारही हवेत.

साधकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तो हात जोडून म्हणतो, ‘देवा, एवढा एक डाव जिंकू दे, मग सोडतो.’ त्या क्षणी त्याने भगवंताचे नामही पणाला लावलेले असते. पुढे हरल्यावर तो देवावर रुसतो आणि साधनाही सुटते.

दुसरा डाव

या कथेतला एक भाग आपण घाईने ओलांडतो. पहिल्या द्यूतानंतर धृतराष्ट्राने पांडवांना सारे काही परत केले होते. राज्य मिळाले, स्वातंत्र्य मिळाले, पांडव घरी निघालेही होते. वाटेत पुन्हा बोलावणे आले आणि युधिष्ठिर पुन्हा पटावर बसला. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्या दुसऱ्या डावाने दिला.

आपल्या घरांत हेच घडते. वडील ठेव मोडतात, आई बांगड्या गहाण टाकते, कर्ज फिटते. मुलगा आईच्या गळ्याची शपथ घेतो आणि ती घेताना तो खोटे बोलत नसतो. काही महिन्यांनी पुन्हा बोलावणे येते. कर्ज फिटले, सवय तशीच राहिली. म्हणून कर्ज फेडले म्हणजे मुलगा सुटला, असे समजू नका.

बाहेर पडण्याची वाट

तुम्ही स्वतः यात अडकला असाल, तर आजच एका विश्वासू माणसाला सगळे सांगा. आकडा पूर्ण सांगा. अर्धा आकडा सांगणे हे आणखी एक खोटे आहे, आणि त्या लपवलेल्या अर्ध्यासाठीच पुढचा डाव खेळला जातो. पगाराचे खाते आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय काही महिने घरच्यांच्या हाती सोपवा. अॅप काढा, एजंटचा क्रमांक बंद करा. आपले बँक खाते कोणालाही ‘वापरायला’ देऊ नका, सट्ट्याचा पैसा फिरवायला अशीच खाती मागितली जातात.

घरच्यांनी टोमणे टाळावेत. त्याच्या हाती रोख रक्कमही देऊ नये. कोणाचे किती देणे आहे ते कागदावर लिहा आणि थेट देणेकऱ्यालाच द्या. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला लाजू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते. जीव देण्याची भाषा ऐकू आली तर त्याला एकटे सोडू नका, तेव्हाच फोन करा. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार नोंदवा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीची तरतूद आहे. त्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा भीतीपोटी गप्प राहू नका. मात्र कायद्याने अॅप बंद झाले तरी मनातला पट आपणच उचलायचा असतो.

साधना उपचाराच्या जागी नाही, उपचाराच्या सोबतीला आहे. सामन्याची वेळ हीच सेवेची वेळ ठरवा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्यात दुःखी आई आहे, दुरावलेली पत्नी आहे, रात्री दुसऱ्याच्या दारी जाणारा कर्जबाजारी आहे. त्याला शेवटी मिळणारा उपदेश साधा आहे: फासे सोड, आपले शेत कस. मन रिकामे ठेवून व्यसन सुटत नाही, हाताला काम लागते.

आणि आपल्या सत्संगाविषयी एक विनंती. एखादा बंधू डोळ्यांत पाणी आणून सांगू लागला, तर त्याला ऐकून घ्या, कुजबुज करू नका. आपल्याकडे त्याला जागा मिळाली नाही, तर त्याचे नाव घेऊन हसतमुखाने बोलावणारा एजंट बाहेर उभाच आहे.

आज रात्री दिवा लावल्यावर घरातल्या सगळ्यांनी मोबाइल बाजूला ठेवून पाच मिनिटे एकत्र बसावे. द्रौपदीचा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा: मी स्वतःला कुठे हरत तर नाही ना? उत्तर ‘होय’ आले, तर त्याच ठिकाणी, त्याच माणसांसमोर ते बोलून टाकावे.

भगवंत आपल्या सर्वांना खरे बोलण्याचे बळ देवो.