आधी घर फिरतं

वाईट दिवस आले की जवळची माणसंही पाठ फिरवतात, हे सांगायला आपण म्हणतो, 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.' म्हणताना डोळ्यांसमोर असतो ओळख न दाखवणारा भाचा किंवा काम सोडून गेलेला गडी. ठपका वाशांवरच. पण म्हणीतला क्रम नीट ऐकावा. आधी घर फिरतं.

सोलापूरकडे पाऊस कमी, म्हणून जुन्या घरांवर सपाट माळवद. भिंतीवर तुळई, तुळईवर आडवी लाकडं, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू लागलं की आणखी माती. वर्षानुवर्षं वाढणारं हे ओझं लाकूड मुकाट पेलतं आणि भिंत सरकली की मगच जागचं हलतं.

सोलापूरच्या गिरण्यांचंही असंच झालं. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ची. हे शहर गिरण्यांचं झालं ते तिच्यापासून. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि कारण लिहिलं: गैरव्यवस्थापन आणि हेळसांड, त्यातून घटलेलं उत्पादन, ओढवलेली बेकारी. घर कुणी फिरवलं, याची ही सरकारी नोंदच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. भरपाई दिल्यावाचून मालमत्ता अशी ताब्यात घेता येणार नाही, असा निकाल डिसेंबर १९५३ मध्ये लागला. ज्यांच्या हातांवर मिल चालत होती, त्यांच्या भरपाईचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

पुढे इतर गिरण्याही बंद पडत गेल्या आणि कामगार वाट फुटेल तिकडे पांगले. कुणी यंत्रमागावर गेलं, कुणाच्या घरातल्या बायकांच्या विड्यांवर चूल पेटू लागली. अशा कामगारांविषयी 'खाल्ल्या घरचे वासे मोजले' असं बोललेलं मी ऐकलं आहे. संप करून त्यांनीच गिरण्या बुडवल्या, असा त्याचा रोख. मला हे मुळीच मान्य नाही. वासे मोजणं म्हणजे ज्याचं अन्न खाल्लं त्याचं वाईट चिंतणं. पाळीवर पाळी त्याच छपराखाली काढणाऱ्याने वर बोट करून तडा दाखवला, तर ते वाईट चिंतणं कसं? माळवदाच्या घरात 'वरून माती पडतेय' असं कुणी म्हणालं, तर त्याला कृतघ्न म्हणत नाहीत. शिडी आणतात.