पाण्याने मोकळे ठेवलेले रस्ते

डोंगरातला रस्ता सुना का असतो, याचे उत्तर आपण सहसा निसर्गावर ढकलून मोकळे होतो. चढ अवघड, वस्ती विरळ, म्हणून वाहने कमी. पण सायकलवाले ज्या घाटांसाठी जीव टाकतात, त्यांतल्या कित्येकांची शांतता अलीकडची आणि माणसाने घडवलेली आहे. स्वित्झर्लंडमधल्या गोट्ठार्ड खिंडीत त्रेमोला नावाचा दगडी फरसबंदीचा जुना नागमोडी रस्ता आहे. 1980 साली खिंडीखालून मोटारींचा बोगदा सुरू झाला आणि अवजड वाहतूक डोंगराच्या पोटात गेली. आज त्या वळणांवर जो निवांतपणा मिळतो, त्याचा बराचसा खर्च बोगद्याने उचललेला आहे. रस्ता मोकळा दिसला की त्यावरची गर्दी कुठे गेली, किंवा ती मुळात आलीच का नाही, हे विचारायला हवे.

हा प्रश्न बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत विचारला तर उत्तर मोठे विलक्षण येते. इथे नाव घेण्याजोगा घाट नाही. सह्याद्रीची भुलेश्वर रांग पूर्वेकडे येताना झिजत झिजत माळ होऊन जाते. सगळा मुलूख समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटरच्या आसपास पसरलेला, उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, मधून कऱ्हा. तरी मोकळ्या रस्त्यांना तोटा नाही. मैलोन्‌मैल समोरून एखादी दुचाकी किंवा मेंढरांचा कळप, एवढीच काय ती रहदारी. आणि यातला जवळजवळ प्रत्येक रस्ता पाण्याने मोकळा ठेवलेला आहे.

आधी चढाचे बोलू, कारण डोंगर नाही म्हणजे चढ नाही असे समजणाऱ्याची इथे पंचाईत होते. सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती घनाने. ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर पाऊस सांडून कोरडा होऊन या पठारावर उतरतो. त्या दिवसांत बारामतीहून इंदापूरकडे जाणारा उगाच स्वतःवर खूश होतो. परतताना मात्र सणसरपासून पुढे अंगात कुणी मेख मारल्यासारखे होते. घाटाला निदान खिंड असते, तिथे चढ संपतो. वाऱ्याच्या घाटाला माथा नसतो. जो वारा पायांना छळतो, त्यानेच हा मुलूख पर्जन्यछायेत टाकला आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. इथली चढण आणि इथला दुष्काळ एकाच दिशेने येतात.

1876 ते 1878च्या महादुष्काळाने हा भाग पार पिळून काढला. त्यानंतर नीरेचा डावा कालवा वाहू लागला, 1885च्या सुमारास. पुढे भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरचे धरण झाले आणि सह्याद्रीचा पाऊस साठवून उन्हाळ्यात पूर्वेकडे धाडता येऊ लागला. कालव्याचे गणित सायकलवाल्याला चटकन कळावे असे आहे. नदी उतार शोधत खाली जाते. कालव्याला उतार जपून खर्च करावा लागतो, कारण जितका उंच राहील तितकी जास्त जमीन त्याच्या खाली येईल. म्हणून तो टेकडीला वळसा घालतो, ओढ्यांवरून पुलाने जातो, आणि किलोमीटरमागे काही सेंटिमीटरच खाली उतरतो. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या मुलखात समउंचीची ही रेघ इंजिनिअरांनी दीडशे किलोमीटरच्या आसपास ओढत नेली आणि बारामती तालुक्याचे दोन तुकडे केले. रेघेच्या खाली बागायत, वर जिरायत. बारामतीत आजही माणूस कुठल्या गावचा हे विचारताना, तो कोणत्या भागातला, हेच मनात असते.

बागायतीत ऊस आला आणि उसाने रस्ते भरून टाकले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपासाठी आखलेली ब्लॉक पद्धत याच कालव्यावर आली. पुढे गुळाची पेठ वाढली, 1930च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने आले. डोनाल्ड ॲटवुड या मानवशास्त्रज्ञाने या पट्ट्यात राहून ऊस, सहकार आणि शेतकरी यांवर 1992 साली ‘रेझिंग केन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गाळप हंगामात या रस्त्यांवर सायकल घालून पाहावी. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या मोळ्या, डांबरावर सांडलेले वाढे, कारखान्याबाहेर थांबलेल्या रांगा. ऊस वजनदार आणि तोडल्यावर लवकर सुकणारा, त्यामुळे तो घाईने आणि भरपूर चाकांवरूनच न्यावा लागतो. ही गर्दी म्हणजे पाण्याचे पीक आहे.

कालवा ओलांडून उत्तरेला वळले की आवाज विरतो. सुपे, मोरगाव, उंडवडी, शिर्सुफळ. बाजरी, ज्वारी, हुलगा, आणि बरेचसे गवत. इथून वाहून न्यायला जड असे काही पिकत नाही, म्हणून रस्त्यावर जड असे काही धावत नाही. सुप्याजवळ 1997 साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, पण चिंकारा तिथे आहे. इंदापुरातल्या कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा आणि लांडगे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात या माळावरून जाताना जो मोकळेपणा अंगात भरतो, तो खराच आहे. पण मोठ्या पंचाईतीचा आहे. ज्या शांततेसाठी आपण पहाटे उठून आलो, ती टँकरची वाट पाहणाऱ्या गावांची शांतता असते. जानाई-शिरसाई आणि पुरंदर या उपसा योजनांचे पाणी विजेच्या जोरावर चढवून या भागात आणले जाते. ते सगळीकडे पुरेसे पोचले तर हा रस्ताही उद्या ट्रॅक्टरांनी भरेल. तसे झाले तर वाईट वाटणारा मी आणि ते व्हावे म्हणून वर्षानुवर्षे मोर्चे काढणारा शेतकरी, यांत कुणाची इच्छा रास्त आहे, याला फार विचार लागत नाही. माळरान ओसाड जमीन नव्हे, ती स्वतःची जीवसृष्टी आहे, हे खरे. ते राखावे ते चिंकाऱ्यासाठी, लांडग्यासाठी, धनगराच्या चराईसाठी. माझ्या रविवारसाठी राखावे हे म्हणणे लबाडीचे आहे.

दुसरी शांतता याच्या उलट टोकाची आहे. इंदापूरच्या उत्तर कडेला भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि नदीकाठची गावे जलाशयाखाली गेली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की बाहेर येते, लोक बघायला जातात. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यामागे कॅमेरे उतरतात. पण जलाशयाकडे उतरणाऱ्या लहान रस्त्यांवर फारसे कुणी नसते. पूर्वी पलीकडच्या गावांना जाणारी वाट आता काठाशी संपते आणि करमाळ्याच्या बाजूला जायचे तर होडी शोधावी लागते. जो रस्ता कुठे जात नाही, त्यावर कोण जाईल? हा निवांतपणा विस्थापनाचा आहे. तिकडे पाणी न आल्याने रस्ता सुना, इकडे पाणी आल्याने. दोन्ही ठिकाणी सायकलवाला दुसऱ्याच्या तोट्यात उतरलेला पाहुणा असतो.

तिसरी शांतता हुकमाची. जानेवारी 2026मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिचा एक टप्पा सासवडहून निघून बारामतीत संपणारा होता. रस्ते नव्याने डांबरी झाले, वाहतूक थांबवली गेली, माणसे दुतर्फा उभी राहिली. अशा शर्यतीत घोळक्यातले स्वार आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेतात आणि मागच्यांची ताकद वाचवतात. वाऱ्याच्या या मुलखात ते दृश्य फार शोभून दिसले असणार. पण थांबवलेली वाहतूक तासाभराने सुटते. हुकमी शांतता उसनी असते.

उरतो तो कॅनॉलच्या कडेचा रस्ता. पाटकऱ्याला फिरता यावे, दारे उघडता-लावता यावीत, यासाठी ठेवलेला. भरावावरून अवजड वाहन नेणे धोक्याचे, म्हणून तो निवांत. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला झाडे आणि खाली ऊस. पायांना चढ-उतार जवळजवळ लागत नाही, कारण तो इंजिनिअरांनीच काढून टाकलेला आहे. हाही रस्ता निष्पाप आहे असे नाही. पाण्याचे आवर्तन आले की ते कालव्याच्या टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, पोचते का, यावरून भांडणे असतात. कालव्याला अस्तरीकरण करायचे म्हटले की काठावरचे शेतकरी बिथरतात, कारण गळतीच्या पाण्यावर त्यांच्या विहिरी जगतात. तरी या रस्त्याचे वेगळेपण हे की त्याची शांतता टिकावी म्हणून कुणाचे रान कोरडे राहायला नको आणि कुणाचे घर बुडायला नको. उलट पाणी वाहते राहिले तरच हा रस्ता राहतो.

म्हणून सायकलवाल्याने काही मागायचेच असेल तर ते इथे मागावे. ज्या त्या गावच्या माणसाला, शाळेला सायकलवरून जाणाऱ्या मुलींना आणि पहाटे फिरणाऱ्या म्हाताऱ्यांना चालेल असा भराव, त्यावरची झाडे, आणि कडेला तग धरेल इतका मुरूम. जिरायतीच्या माळावरून मात्र मोह टाळून जावे, आणि तिथला रस्ता कधीतरी गजबजला तर नव्या वाटेचा शोध घ्यावा. आपली आवड दुसऱ्याच्या अडचणीवर उभी नाही ना, एवढे तपासणे हाच या सपाट मुलखातला खरा चढ आहे, आणि तो गिअर बदलून सोपा होत नाही.