तागडी दुसऱ्याच्या हाती

पेडण्याच्या एका गरीब घरातला मुलगा. शिक्षण बेताचं. व्यापारात पडला, खटपट करत वर आला, खाणमालक झाला आणि पैसा आल्यावर त्याने दानाला हात आखडता घेतला नाही. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि हे दयानंद बांदोडकर, गोमंतकीयांचे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले.

पक्षाचा मुख्य शब्द होता, गोवा महाराष्ट्रात नेण्याचा. दिल्लीने ठरवलं, लोकांनाच विचारू. विरोधक म्हणाले, भाऊसाहेब खुर्चीवर असताना कौल सरळ लागणार नाही. तागडी दुकानदाराच्या हातात असली की गिऱ्हाईक काट्याकडे संशयाने बघणारच. व्यापारात मुरलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. डिसेंबर १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. ज्या मुद्द्यावर पक्ष उभा राहिला, तोच ३४,०२१ मतांनी आडवा झाला.

एरवी अशा वेळी गाशाच गुंडाळायचा. भाऊसाहेबांनी कौल मानला आणि मार्चमध्ये ते पुन्हा लोकांपुढे गेले. सांगायला त्यांच्याजवळ काम होतं. १९६४ च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं होतं. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या होत्या. ज्यांच्या बापजाद्यांची हयात भाटकाराच्या (जमीनदाराच्या) अंगणात मान खाली घालून गेली, त्यांची पोरं आता पाटीवर अक्षरं गिरवत होती. दोन महिन्यांपूर्वी ‘नको’ म्हणणाऱ्या त्याच गोव्याने त्यांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा दिल्या.

त्यांचा कारभार एकहाती होता, आणि पुढे पक्षातलेच काही आमदार त्यांच्यावर उलटले, हेही खरं. तरी माझ्या लेखी भाऊसाहेबांची मोठी कमाई म्हणजे डिसेंबरमधला तो राजीनामा. खुर्ची धरून कौल घेतला असता, तर हरल्यावर पुन्हा मत मागायला कुठल्या तोंडाने गेले असते?

१२ ऑगस्ट १९७३ रोजी ते वारले. तेव्हाही ते मुख्यमंत्री होते, आणि गोवा केंद्रशासितच होता.