पेंढ्यावर पहिला हक्क कुणाचा?

हरियाणात पानिपत येथे 10 ऑगस्ट 2022 रोजी भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे लोकार्पण झाले. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढ्यातून 3 कोटी लिटर इथेनॉल, अशी योजना. तिकडे शेतात जाळला जाणारा पेंढा कामी यावा, हे चांगलेच.

पण आमच्या तळेगाव दाभाडेच्या आसपास, मावळात, इंद्रायणी भाताची मळणी झाली की पेंढा रचून ठेवतात. ती गुराढोरांची वैरण असते. तिथला कचरा इथे घास ठरतो.

उद्या असा कारखाना इथे आला, तर त्याला पेंढा स्वस्तच हवा असणार. पेंढा वजनाला हलका, पण जागा फार खातो. गाठी बांधणे, वाहतूक, पावसापासून राखणे यांतच पैसा जातो. मग काटकसर शेतकऱ्याच्या दरात करायची? पेंढ्याबरोबर जमिनीतले पालाशही जाते, ते कोण भरून देणार? हे न मोजता मिळालेली स्वस्ताई म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची उधारी.

आम्हाला वाटते, आधी जनावर, मग जमीन. उरेल ते कारखान्याला, तेही रास्त दामाने. मुक्या जिवाला मागता येत नाही, म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.