दोन पुलांमधले तीन महिने

रेल्वेचा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लालबहादूर शास्त्रींचं नाव निघतंच. विरोधी बाकांवर जो कोणी बसलेला असेल, तो ते काढतो. नैतिक जबाबदारी घेऊन मंत्रिपद सोडणारा माणूस ही शास्त्रींची ओळख शाळकरी मुलांनाही असते. मात्र त्या राजीनाम्यामागचे दोन पूल फारसे कुणाला आठवत नाहीत.

१९५६ च्या पावसाळ्यात मेहबूबनगरजवळ एक पूल गाडीखाली कोसळला. शंभराहून अधिक माणसं गेली. शास्त्रींनी राजीनामा देऊ केला, नेहरूंनी तो घेतला नाही. त्यानंतर तीनेक महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, तेव्हाच्या मद्रास राज्यातल्या अरियलूरजवळ नदीच्या पुरानं दुसरा पूल खचला आणि तुतिकोरीनला जाणारी एक्स्प्रेस पाण्यात गेली. मृतांचा आकडा दीडशेच्या घरात होता. या वेळी राजीनामा स्वीकारला गेला. शास्त्री दोषी आहेत म्हणून आपण तो स्वीकारत नाही, एक पायंडा पडावा म्हणून स्वीकारतो, असं नेहरूंनी तेव्हा स्पष्ट केलं होतं.

शास्त्रींच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. आपल्या स्मरणशक्तीबद्दल मात्र आहे. राजीनामा आपण सत्तर वर्षं जपून ठेवला. पहिला पूल पडल्यावर तसल्याच बाकीच्या पुलांचं काय केलं, हा प्रश्न कुणी जपला नाही. दोन्ही ठिकाणी पाणी, पूल आणि भरलेली गाडी. एका ठिकाणची माणसं मेली, त्यातून दुसऱ्या ठिकाणची वाचायला हवी होती. अपघातानंतरची जबाबदारी मोजायची असेल तर ती या तीन महिन्यांत मोजावी, असं मला वाटत आलंय.

आपल्या देशात प्रत्येक मुलखाचा अपघात वेगळा आहे. दक्षिणेत आणि बिहारात पूल आणि नद्या. उत्तर प्रदेशातल्या गर्दीच्या मार्गांवर गाडीवर गाडी: १९९५ मध्ये फिरोजाबादला नीलगायीला धडकून थांबलेल्या कालिंदी एक्स्प्रेसवर मागून पुरुषोत्तम एक्स्प्रेस आदळली, साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. पंजाबात तुटलेला रूळ: नोव्हेंबर १९९८ मध्ये खन्नाजवळ रूळ तुटून फ्रंटियर मेलचे डबे घसरले आणि समोरून येणारी सियालदह एक्स्प्रेस त्यांच्यावर चढली, दोनशेहून अधिक बळी. पुढच्याच वर्षी उत्तर बंगालातल्या गैसलला दोन गाड्या समोरासमोर भिडल्या. तेव्हाचे रेल्वेमंत्री नीतीश कुमार यांनी राजीनामा दिला.

या यादीत मला दोन नोंदी सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. पहिली बिहारमधली, ६ जून १९८१ ची. मान्सी-सहरसा मार्गावर बागमती नदीच्या पुलावरून एक पॅसेंजर गाडी पाण्यात पडली. किती माणसं गेली? कुणी तीनशे सांगतं, कुणी आठशे, कुणी त्याहूनही जास्त. कारणही नक्की नाही. कुणी वादळ म्हणतं, कुणी म्हणतं रुळावर गुरं आली म्हणून ब्रेक लावला. भारतातल्या सर्वांत भीषण रेल्वे अपघातांपैकी एक, आणि त्यातली माणसं मोजताच आली नाहीत. पॅसेंजर गाडीला आरक्षणाचा तक्ता नसतो. ज्याचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं, तो मेला तरी कागदावर यायचा कसा?

दुसरी नोंद केरळची. जुलै १९८८ मध्ये पेरुमण इथं आयलंड एक्स्प्रेस अष्टमुडी तलावात कोसळली, १०५ जण गेले. चौकशीत कारण निघालं वावटळ. त्या दिवशी अशी वावटळ आली होती यावर गावातल्या लोकांचा विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. खरं काय ते तज्ज्ञ जाणोत. पण दोष वाऱ्यावर टाकला की माणसंही वाऱ्यावर सोडता येतात, आणि मुख्य म्हणजे कुणाला काही बदलावं लागत नाही.

उलट उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीनं रूळ अडवला आणि कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची खास गाडी घसरली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसच्या वाटेत पुन्हा दरड, पुन्हा बळी. इथंही पहिला धडा दुसऱ्या अपघातापर्यंत पुरा पोचला नव्हता, हे मान्य करावं लागेल. पण त्यानंतर जे झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. कटिंगांचे उतार कमी केले गेले, कड्यांना लोखंडी जाळ्या बसल्या, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणारी माणसं नेमली गेली. आणि गाड्यांचा वेग उतरवला. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा दंडक आला.

याचंच नाव पावसाळी वेळापत्रक. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी या वेळापत्रकाच्या नावानं बोटं मोडतो. मीही मोडली आहेत. रत्नागिरीच्या पुढे गाडी रेंगाळायला लागली की डब्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, 'यापेक्षा यष्टी बरी.' त्या रेंगाळण्यात वैभववाडीच्या मृतांचा वाटा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. राजीनाम्यासारखी त्याची बातमी होत नाही, छायाचित्र निघत नाही. संस्थेनं दरवर्षी काही महिने आपला वेग सोडायचा आणि प्रवाशांचे बोल खायचे, एवढंच. मला ही नैतिक जबाबदारीची सर्वांत भरीव रीत वाटते, कारण तिची किंमत रोज मोजावी लागते.

मग ओडिशात काय झालं? २ जून २०२३ ला बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला होता. तिथं खनिजानं भरलेली मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते तारांचं: २०१८ मध्ये सिग्नलच्या जोडणीत केलेल्या बदलांतल्या चुका तशाच राहिल्या होत्या, आणि त्या दिवशी फाटकाचं काम करताना त्या भोवल्या. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, त्याच खरगपूर विभागात, बंगालमधल्या बांकडा नयाबाज स्थानकात चुकीच्या तारजोडणीमुळे असाच घोटाळा झाला होता. त्यावरून वेळीच पावलं उचलली असती तर बहानगा टळला असता, असं आयुक्तांनी लिहिलं.

आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकातल्या होसदुर्गा रोड स्थानकात सिग्नल एक सांगतोय आणि सांधा भलतीकडे वळलाय, हे संपर्क क्रांती एक्स्प्रेसच्या लोको पायलटच्या लक्षात आलं. त्यानं गाडी थांबवली. एकही माणूस मेला नाही. दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं पत्र लिहून बजावलं की व्यवस्थेत गंभीर दोष आहे, लक्ष घाला. म्हणजे बंगालचा अनुभव होता, कर्नाटकचं पत्र होतं. ते पत्र सापडलं, वृत्तपत्रांत छापून आलं, त्यावर चर्चा झाल्या, पण बहानगानंतर. कुणी मेलं नाही, अशा घटनेतून शिकायची सवय आपल्याला नाही. वाचलेला अपघात म्हणजे आपल्या लेखी न झालेला अपघात. त्या लोको पायलटच्या सावधपणाचं मोल चार महिन्यांतच वाया गेलं.

बहानगाप्रकरणी रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. दोषी असतील तर शिक्षा व्हायलाच हवी. पण शोध नेहमी ज्याच्या हातात पाना, झेंडा नाहीतर ब्रेक असतो त्याच्यापाशी येऊन थांबतो. १७ जून २०२४ ला बंगालमध्ये रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडीनं धडक दिली. काही तासांत दिल्लीहून सांगण्यात आलं की मालगाडीच्या चालकानं सिग्नल मोडला. चालक त्या धडकेत मेला होता, उत्तर देणार कसा? पुढे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली तेव्हा कळलं की त्या टापूतले स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद होते आणि गाड्यांना लाल दिवे ओलांडायचं लेखी अधिकारपत्र दिलेलं होतं. ते पत्रही चुकीच्या नमुन्याचं, आणि अशा वेळी किती वेगानं जायचं याबद्दल सगळ्यांचाच गोंधळ. त्या सकाळी तिथून गेलेल्या गाड्यांत जास्तीत जास्त पंधराचा वेग आणि प्रत्येक बंद सिग्नलला थांबा हा नियम पाळला तो कांचनजंगानं, आणि धडक बसली तीही तिलाच. चालकाच्या घरच्यांना मात्र टीव्हीवरून आधीच कळलं होतं की गुन्हेगार आपलाच माणूस आहे. मृताची बाजू ऐकायला महिना लागत असेल तर महिनाभर गप्प बसावं, इतकी साधी सभ्यता एवढ्या मोठ्या यंत्रणेकडून मागणं फार होतं का?

रेल्वेच्या बाजूचंही सांगायला हवं. रेल्वेच्या नोंदीत 'गंभीर परिणामांचे अपघात' २०१४-१५ मध्ये १३५ होते, ते २०२४-२५ मध्ये ३१ वर आले. ब्रॉडगेजवरची राखणदार नसलेली फाटकं २०१९ पर्यंत संपवली गेली. हे काम खरं आहे आणि त्यात हजारो ट्रॅकमनचे हात आहेत.

पण या आकड्यांत कोण येत नाही, तेही पाहू. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१२ मध्ये लिहिलं होतं की देशात वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं रूळ ओलांडताना मरतात, त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. समितीनं याला कत्तल म्हटलं. शास्त्रज्ञ माणसं असे शब्द सहजी वापरत नाहीत. रेल्वेच्या दप्तरात मात्र ही माणसं अपघातात मोडत नाहीत, ती घुसखोर ठरतात. मुंबईचा आकडा पुढे उतरला, तरी तो अजून वर्षाला दोन हजारांच्या वर आहे. एक-एक करून मेलेल्यांसाठी सुरक्षा आयुक्त येत नाहीत आणि मंत्र्यांचे राजीनामे कुणी मागत नाही.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघाले होते, भुसावळहून मध्य प्रदेशात जाणारी गाडी मिळेल या आशेनं. टाळेबंदीत या रुळांवर मात्र गाड्या धावत नाहीत अशी त्यांची समजूत होती. 'रुळावर कोण झोपतं?' हा प्रश्न तेव्हा चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी विचारला. चालून चालून पाय गेलेला माणूस झोपतो. त्यांना रस्त्यानं का जाता आलं नाही, हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. चौघे त्या दिवशीच गेले. त्याच दिवशी रेल्वेनं जाहीर केलं की नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवू. लगेच बिगरवातानुकूलित गाडीतही हवा खेळती राहील असे दरवाजे कसे करायचे, याचा आराखडाही पुढे आला. दारातून पडून माणसं मरतात हे मुंबईत कुणाला नवं होतं? त्या मार्गांवर तशी हजारो गेली आहेत. फक्त ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या स्थानकांच्या मध्ये, एकेकटी पडली होती.