न उगवलेले बी

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ‘डेथ व्हॅली’ नावाचे वाळवंट आहे. त्याचा सर्वांत सखल भाग समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. १९१३ साली तेथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. वर्षाकाठी पाऊस जेमतेम दोन इंच. अशा या मृत्यूच्या दरीत जेरिया कॅनेसेन्स नावाची पिवळ्या फुलांची एक रानवनस्पती उगवते. तिकडे तिला ‘वाळवंटाचे सोने’ म्हणतात. २०१५ च्या ऑक्टोबरात मोठा पाऊस झाला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ती ओसाड भूमी पिवळीधमक झाली.

या वनस्पतीचे आयुष्य एका हंगामाचे. पाऊस नसेल तर बी वाळूत वर्षानुवर्षे पडून राहते. यात फारसे नवल नाही. नवल हे की, वाळवंटातील अशा हंगामी वनस्पतींचे सगळे बी चांगल्या पावसातही उगवत नाही. काही रुजते, काही मातीतच थांबते. कारण पुन्हा पाऊस आला नाही, तर रुजलेले सारे फुलण्याआधीच करपून जाईल. डॅन कोहेन या शास्त्रज्ञाने १९६६ साली हा हिशेब गणिताने मांडला. थांबलेले बी ही त्या वंशाची ठेव असते.

मग उगवलेला तेवढा कर्तबगार आणि थांबलेला नाकर्ता, हा आपला निवाडा कितपत न्याय्य आहे?

वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो. मी शिकलो, एम.ए. झालो, मुख्याध्यापक झालो. दादा शेतावर राहिला. “दादाला शिक्षणात गती नव्हती,” असे मी कित्येक वर्षे लोकांना सांगत आलो. वस्तुतः माझे पाऊल चुकले असते तर परतायला घर होते, म्हणूनच मला ते टाकता आले.

दृष्टान्त मात्र येथे अपुरा पडतो. बियाला मन नाही, थांबल्याचे दुःख नाही. शिवाय पुढच्या पावसात त्याचीही पाळी येऊ शकते. माणसाचा हंगाम बहुधा एकदाच येतो. म्हणून फुलावर नसलेले ऋण फुललेल्या माणसावर असते.

अलीकडे मी ते जुने वाक्य उच्चारत नाही. “दादा थांबला, म्हणून मी शिकलो,” असे सांगतो. एवढ्याने ऋण फिटत नाही, हे खरे. पण निदान ते नाकारले तरी जात नाही.